जाईची शिंक

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा मी तो औषधाचा चोथा लिफ्टसमोर ओतला आणि तिथूनच सगळं सुरू झालं… पण मला एक सांगा, पोरीची सर्दी जावी असं कुठल्या आईला वाटत नाही? नुसती सर्दी होती हो! आमची जाई पाच वर्षांची, आठवडाभर नाक लाल, आणि शिंक तरी कशी, छिक्‌ छिक्‌ करत शेवटी बारीक शिट्टी! ओव्याची पुरचुंडी झाली, हळद-दूध झालं, डॉक्टरचं सिरप झालं… शेवटी शेजारच्या लिम आंटींनी चिनी औषधांच्या दुकानातून पुडी आणून दिली. साली, काड्या, सुकी फुलं… उकळलं तर अख्ख्या फ्लॅटला बंद कपाटाचा वास! जाई नाक दाबून प्याली. मग आंटी माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "रिमेन वन, यू थ्रो आउटसाइड, लह. पीपल स्टेप, सिकनेस फॉलो दे!" म्हणजे चोथा लोकांच्या पायाखाली टाकायचा, आजार त्यांच्या मागे जातो. अगदी आपल्या उताऱ्यासारखंच की! मला लगेच पटलं.

दाराआडून बघत होते. एक काका आले, चोथा तुडवून लिफ्टमध्ये शिरले, दार लागलं आणि आतून… छिक्‌ छिक्‌, शिट्टी! तुम्हाला सांगते, अंगावर काटा! घरात येऊन बघते तर जाईचं नाक कोरडं ठणठणीत. म्हटलं, नुसती सर्दी होती, गेली!

दुपारी यांचा फोन, जुरोंग आयलंडवरच्या कामावरून. "अगं, बसमध्ये मागून जाईची शिंक ऐकली. वळून बघतो तर दाढीवाला वेल्डर!"

"तुमचे कान वाजतायत," म्हटलं… पण फोन ठेवताच जाईचं नाक पुन्हा बघून आले.

दुसऱ्या दिवशी मिरचीची फोडणी दिली. मी शिंकले, हे शिंकले, भिंतीपलीकडे आंटी शिंकल्या… जाई नुसती बघतेय! एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एक बाई शिट्टी मारत शिंकली, तर जाई माझा हात ओढते, "आई, दॅट वन माइन, लह!" आणि ती बाई जाईकडे बघून ओळखीचं हसली. कोण कुठली बाई!

मी आंटींचं दार बडवलं. जाईची शिंक परत कशी आणायची?

"बॅक? फॉर व्हॉट? शी ऑलरेडी ओके!"

ओके? काल संध्याकाळी जाईला गुदगुल्या केल्या. पोरगी हसली… तोंड उघडं, पोट हलतंय, डोळ्यांत पाणी… आणि हसण्याचा आवाज येतोय लिफ्टमधून! खाली चाललेल्या लिफ्टमधून! धावत गेले, तोवर आवाज जिन्यातून उतरून रस्त्याला लागला…

नुसती सर्दी होती म्हणे!

तेव्हा हात जोडून सांगते, भेटेल त्याच्या कानावर घाला. कुणी मोठं माणूस पोरीसारखं शिंकलं, पोरीसारखं हसलं, तर त्याला चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकखाली पाठवा. जाईचं हसू सर्दीसकट परत दिलं तरी घेईन… रुमाल धुऊन ठेवलेत.