दोन्ही साखरा फस्त

बसच्या रांगेत गवंडीकाकांच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीचा फोन वाजला. तिने तो ऐकला आणि जागच्या जागी टुणकन उडीच मारली.

"आई, बाटलीतली सगळी साखर संपली!"

"अगं बाई! झाकण लावायचं ना!"

"मुंग्यांनी नाही गं, आमच्या जंतूंनी खाल्ली. खावी म्हणूनच तर चार वर्षं पाळलेत. भुशातून दोन प्रकारच्या साखरा निघतात. मेले एकच खायचे, दुसरीला तोंड लावायचे नाहीत."

"तुझ्यावर गेलेत."

"आज दोन्ही फस्त! आणि सगळ्याची दारू केली!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

गवंडीकाका घाईघाईने दुसरीकडे बघू लागले. कान मात्र इकडेच होते.

"प्यायची नाही, आई. गाड्यांत घालायची. इंधन!"

"आजच्या प्रयोगात जमलं नाही तर तुमचं काम गुंडाळणार होते ना?"

"आता कोण गुंडाळतंय! मी प्रयोगशाळेत चालले."

"थांब, मीही येते. बघू दे तरी कसे दिसतात."

"नुसत्या डोळ्यांना नाही दिसत गं, फार बारीक असतात."

"असतील नाही तर काय! चार वर्षं बिचारे अर्धपोटी राहिलेत."