पालथ्या फरश्या

कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गवंडी अर्ज घेऊन उभे होते. त्यांच्यापुढच्या बाई मागे वळून त्यांच्याशी बोलत होत्या.

“कसला अर्ज, काका?”

“ही कचेरीची, पायाखालची फरशी सोमवारी फोडणार आहेत. फोडू नका, नीट उचला, एवढंच म्हणणं आहे.”

“जुनीच तर आहे.”

“मी बसवलीय ती. ज्या खाणीतून आणली, तिथला एक दगड कोरा निघायचा नाही. शिंपले, शंख, काय काय! एकात तर अख्खा मासा होता, काट्यांसकट.”

“मासा? समुद्र तर इथून दोन दिवसांच्या वाटेवर!”

“पूर्वी इथंच होता म्हणे. तळाशी गाळ साचत गेला, त्याचा दगड झाला. हे आत्ता आत्ता नातीनं सांगितलं, आणि मला वेड्यात काढलं. आम्ही त्याला डाग म्हणायचो हो! साहेबांना फरशी स्वच्छ हवी. मग डागाची बाजू खाली घालायची, वरची घासून गुळगुळीत करायची.”

“आणि तो मासा?”

“तोही पालथा. माझ्याच हातानं.”

“कुठे घातलाय, आठवतं?”

“तेच आठवत नाही, ताई. म्हणून सगळ्याच उचला म्हणतोय.”

बाई बाजूला सरकल्या. “तुम्ही आधी जा.”

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.

“याला पुरावा काय, आजोबा?”

“एक फरशी उलटून बघा.”

“कोणती?”

“कुठलीही.”