शिवेवरचा तिसरा

ऐका. आधी ती मोबाईलची बत्ती विझवा, तोंडावर उजेड पडला की माझं बोलणं अडतं. हां. आता सरकून बसा जवळ.

ही काय आजा-पणजाच्या काळातली गोष्ट न्हाई. करोनाच्या सालातली. माझ्या भावकीतला वैजू बेळगावला कारखान्यात होता. बायको सुवर्णा, दिवस भरत आलेले. कारखाना बंद, घरमालक म्हणतोय खोली सोडा, दवाखान्यात कुणी उभं करून घेईना. आपलं गाव किती लांब? गाडीनं तासभर. पण मधी राज्याची हद्द! तिकडचे पोलीस बाहेर सोडीनात, इकडचे आत घेईनात. पासासाठी खेटे घालून वैजू दमला. गावागावांनी वाटेवर चरी खणल्या होत्या, काटे टाकले होते. आपल्याच माणसाला लोक परकं करत होते. मला अजून राग येतो त्या दिवसांचा.

तर एका रात्री त्यानं दोस्ताची ओमनी मागून घेतली. सुवर्णाला पुढं बसवलं आणि निघाला. हमरस्त्यानं न्हाई. काजूच्या बागांतनं ती जुनी गाडीवाट जाती बघा, शिवेच्या दगडावरनं? त्या वाटेनं. तिथं पोलीस नसणार, हे त्याला ठाऊक होतं. आणि नव्हतेच पोलीस.

दिवे बारीक करून गाडी चाललीय. काजूच्या फांद्या दोन्हीकडनं काचेला घासतायत. आणि एकदम समोर लाल बत्ती हलली.

माणूस होता. मळका सदरा, नाकातोंडाला पंचा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत कोण गावकरी नि कोण शिपाई, कसं ओळखायचं? सगळ्यांचीच तोंडं झाकलेली. वैजूला वाटलं, पुढच्या गावानं पहारा बसवलाय. त्यानं काच उगं बोटभर खाली केली.

"किती जण?" त्यानं विचारलं.

"दोघं."

तो वाकला. मागच्या बाकाकडं बघितलं. "तिघं," म्हणाला आणि बाजूला झाला.

वैजूनं मागं वळून बघितलं. कपड्यांची गाठोडी नि गॅसची शेगडी. दुसरं काय न्हाई. मनात म्हणाला, पहारेकरी झोपेत असंल बिचारा. गाडी पुढं काढली.

थोडं अंतर गेले असतील-नसतील तोवर परत लाल बत्ती. तोच सदरा, तोच पंचा. परत तेच विचारणं, परत वैजूचं 'दोघं', परत त्याचं 'तिघं'. तो मागं राहिला होता, मग पुढं कसा आला? गाडीनं कुठं वळण घेतलं न्हाई, वाट एकच. वैजूनं जोरात दामटली. काजू गेले, काजू आले. तीच वाकडी फांदी. तोच खड्डा. आणि तीच बत्ती, ह्या खेपेला पार काचेला टेकलेली.

"किती जण?"

आणि इथं वैजू चुकला. ऐका नीट. आपल्याकडं पोटुशीला दोन जिवांची म्हणतात, त्याच्या डोक्यात तेच आलं. सुटल्यासारखा हसला आणि म्हणाला, "तुमचंच बरोबर हाय की ओ. तिघं. बायको दोन जिवांची हाय माझी."

अरे, तो पोटातलं मोजतच नव्हता! तो स्वतःला मोजत होता. त्याला फक्त गाडीवाल्याच्या तोंडातनं हो पाहिजे होतं.

मागचा दरवाजा खर्रर्र सरकला. धाडकन लागला. गाडी मागनं दबली.

वैजूनं आरशात बघितलं. आरशात कोण न्हाई. पण काचा आतनं धुरकटल्या. इंजिन नुसतं ओरडाय लागलं, गाडीत दगडाचं चिरं भरल्यागत गाडी हलंना. समोर हातभर अंतरावर शिवेचा दगड.

मागनं आवाज आला. एवढा मऊ आवाज, की सुवर्णा म्हणती, तिला आधी दयाच आली. लांबनं चालत आलो, म्हणाला. तिकडचे म्हणाले माघारी जा, इकडचे म्हणाले माघारी जा. मग दोन्हीकडनी सांगितलं, इथंच बस, कळवतो. बसलो. कोण आलंच न्हाई. दगडापलीकडं माझं मला जाता येत न्हाई, कुणीतरी न्यावं लागतं. तुमच्या घरात पाळणा हलणार, तिथंच कोपऱ्यात राहीन मी.

आणि सुवर्णाच्या पोटातलं पोर हलायचं थांबलं.

दिवसभर लाथा मारणारं पोर. गार. तिनं पोटावर दोन्ही हात दाबले, काय न्हाई. वैजू नुसता गियर ओढत होता. मग तीच बोलली. मान वळवली न्हाई, पुढं दगडाकडं बघत बोलली.

"भाऊ, गाव कुणालाच सरळ घरात घेत न्हाई. बाहेरनं आलेल्यानं आधी बाहेर बसायचं. आम्हीबी शाळेतच उतरणार. तुम्ही ह्या दगडापाशी बसा. तुमचा डबा येईल."

तसंच चालायचं की तेव्हा. शाळेत क्वारंटाइन केलेल्यांचा डबा घरचे भिंतीवर ठेवायचे, लांबनं हाक मारायचे नि मागं सरायचे.

मागचा बाक करकरला. मग, "कोण आणणार डबा?"

"घरचंच माणूस आणंल."

दरवाजा सरकला. सांगितलं तिथं बसणारा माणूस होता तो, मेल्यावरबी तसाच. गाडी हलकी झाली नि उडीच मारली तिनं. दगड मागं पडला. पोटात लाथ बसली तशी सुवर्णा ढसाढसा रडली.

पोरगी झाली. धडधाकट. पण डबा? कोण नेणार तिथं? सुवर्णा हात जोडून सांगत होती, मी शब्द दिलाय. घरातल्यांनी तिला उंबरा ओलांडू दिला न्हाई. एकदा डबा दिला की तो घर ओळखंल, म्हणाले.

आता पोरगी शाळेत जाती. तिला ह्यातलं कुणी अक्षर सांगितलेलं न्हाई. पण आई भाकरी थापाय बसली की ती एक भाकरी फडक्यात बांधती आणि दारात जाऊन उभी राहती. कुठं गं, विचारलं तर म्हणती, "काकाला द्यायचीय. मी घरचंच माणूस न्हवं?"

म्हणून सांगतो, घाटातनं फेरा पडला तर पडू दे, पण अंधार पडल्यावर त्या काजूच्या वाटेला जाऊ नका. आणि गेलाच, तर जेवढे असाल तेवढेच सांगा. वैजूच्या घरात आता दाराला वरची कडी घालतात. पोरीचा हात तिथं अजून पोचत न्हाई.