मोटरचं लाल बटण

माझ्या बंदुकीला हसता ना, मग हे ऐका. पाइप, स्प्रिंग अन् पुढं रबर लावलेल्या स्पंजाच्या गोळ्या, सगळं मी घरीच जुळवलंय. आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढ्या राखलेले. ते म्हणायचे, "बाप्या माणूस हायस, अन् स्पंज काय उडवतो?"

दुष्काळात आमच्या मुकुंदवाडीत आठवड्याला एक टँकर यायचा. अशात शेजारचे मोटर चालूच ठेवून, घराला कुलूप लावून वेरूळला दर्शनाला गेले. गच्चीवरची टाकी भरली अन् पाणी गटारात वाहायला लागलं. फोन लागेना. खिडकीच्या गजांतून आतल्या भिंतीवर मोटर बंद करायचं लाल बटण मात्र दिसत होतं.

"कुलूप तोडा," बायको म्हणाली.

"थांब," म्हणलं, अन् बंदूक आणली.

पहिली गोळी कॅलेंडरला लागली. दुसरी हिरव्या बटणाला, ते तर चालूचंच. तिसरी बरोबर लाल बटणावर बसली अन् मोटर गप झाली. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

आबांनी नुसता हात पुढं केला. "आण इकडं. मी गोफणीचा एक दगड वाया घालवत नव्हतो, तू दोन घालवले."

तवापासून ती बंदूक त्यांच्याकडंच हाय. मला दुसरी बनवावी लागली.