‘गजाल’ कोणी काढली

— असं काय, बसा ना. सिद्धेश नाहीये घरी, पण मी त्याची आई, मला सगळं ठाऊक आहे. कंपनीचा इतिहास लिहिताय म्हणालात — कोणी सांगितलं लिहायला? शौनकने? नाही? बरं, नाही तर नाही, मी आपलं विचारलं. ह्याच खोलीत सुरू झाली हो ती, विक्रोळीत, ह्या पलंगावर — सिद्धेश आणि शौनक, कॉलेजातले दोस्त. लोकांनी बनवलेले व्हिडिओ गेम ऑनलाइन विकायचे, घरबसल्या घ्या नि खेळा. नाव मी दिलं, ‘गजाल’. आमच्या मालवणीत गप्पांना गजाली म्हणतात ना, तेच. शौनक सांगतो नाव त्याचं म्हणून? सांगेल, सांगेल, तो काहीही सांगेल.

मग काय, झकास चाललं. अंधेरीला काचेचं ऑफिस झालं, आणि परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने अख्खी गजाल विकत घेतली. म्हणे जुनं ऑनलाइन दुकान बंद, लोकांनी घेतलेले गेमपण बंद! सिद्धेश म्हणाला, अरे, विकलेली वस्तू लोकांच्या घरातून परत उचलायची? शौनक म्हणतो, ‘नियमात लिहिलंय यार.’ नियमात! माझ्या हातचे घावणे खाऊन वाढला तो — आणि मीटिंगमध्ये माझ्याच झिलाच्या विरुद्ध हात वर केला. सिद्धेशला काढला. त्या दिवशी घरी आला तो बूटही न काढता इथे बसून राहिला, जेवलासुद्धा नाही. आता कंपनीच्या साइटवर बघा — संस्थापक एकटा शौनक. मग माझा पोरगा काय पाणी भरायला होता तिथे?

वाईट वाटतंय तुम्हाला? खरंच? चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून विचारते. पण खचला नाही हो तो. भांडुपच्या एका मुलीने, नमिताने, त्याला लिहिलं — दादा, माझा भाऊ गेला, आम्ही दोघांनी मिळून गजालवरून घेतलेल्या एका गेममध्ये एक गाव बांधलेलं, तेवढंच राहिलेलं, तेही तुमच्या लोकांनी पुसलं. सिद्धेशने तिला ते गाव परत दिलं. अख्खं, घर न् घर. फोनवर रडत होती पोर. दुकान बंद व्हायच्या आधीच ह्याने सगळं, गेम नि लोकांनी त्यात बांधलेलं, स्वतःकडे उतरवून ठेवलेलं ना — मग बाकीचेही लिहायला लागले, आणि हा एकेकाला गुपचूप —

काय? कुठल्या मशीनवरून पाठवतो? ते तुम्हाला कशाला? इतिहासात मशीन कुठे ठेवलंय ते लिहितात? खरं सांगा, शौनकनेच पाठवलंय ना तुम्हाला?

आत कुठे बघताय? इथे बघा, माझ्याकडे. कोणी काही पाठवत नाही. मी बाई काहीही बडबडते, माझं काय धरून बसता. चहा राहू दे. उठा — उठा म्हणते ना!