घंटेवर कोण

लेक: आत तुम्हीच आहात ना, बाबा? चपला बाहेर दिसल्या.

बाप: ये. कडी मोडलेलीच आहे. सहा महिन्यांपूर्वी मीच ऑफिसात सांगितलं होतं, कोण ऐकतंय.

लेक: या मोडक्या बाकांत काय बसलाय? तिकडे अख्खा वर्ग थांबलाय. परीक्षक बाई सारख्या घड्याळ बघतायत.

बाप: नापास करा म्हणावं आणि मोकळ्या व्हा.

लेक: एवढं काय झालंय?

बाप: तू मागच्या बाकावर होतीस, सगळं बघितलंस. भर पाठात, पाव आणि अर्धा शिकवता शिकवता खडू खाली ठेवला आणि बाहेर जाऊन घंटा दिली. आज माझी शिपाईकामाची रजा, घंटा माळ्याकडे. माळी हातोडा घेऊन उभाच होता, तर मी त्याच्या हातातून ओढून घेतला. बिचारा बघतच राहिला.

लेक: बावीस वर्षांची सवय आहे. साडेअकरा वाजले, पाय निघाले.

बाप: ठोके देऊन झाले तेव्हा हाताकडे लक्ष गेलं. हात खडूने पांढरा. मग आठवलं, आपण तर आत शिकवत होतो. परत जायला तोंडच उरलं नाही गं.

लेक: मुलं हसली, एवढंच ना?

बाप: मुलांचं काही नाही. ती मला रोज मामा म्हणतात, मामाला हसली तर हसली. पण आपल्या संध्याकाळच्या अध्यापक कॉलेजातली ती बाराजणं. सगळी तुझ्या वयाची.

लेक: अकरा. बारावी मी.

बाप: माहितेय.

लेक: मीही हसले, बाबा.

बाप: ऐकलं मी. पहिला आवाज तुझाच आला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जाऊ दे आता.

लेक: जाऊ कसं दे? बाकावर शेजारी बसलेली म्हणाली, शिपाई तो शिपाईच. आणि मी मान डोलावली. माझे वडील आहेत ते, एवढं म्हणायला जीभ रेटली नाही. मलाच माझी किळस आली.

बाप: तिला कुठे माहितेय मी तुझा कोण ते.

लेक: कुणालाच माहीत नाही, कारण पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं, कॉलेजात ओळख दाखवू नका. रोज एक स्टॉप आधी उतरून चालत येता तुम्ही. आडनाव एकच कसं, असं कुणी विचारलं तर योगायोग म्हणालात.

बाप: चालणं बरं असतं. साखर आहे मला.

लेक: बाबा, थट्टा नको.

बाप: मग खरं सांगतो. मलाही लाजच वाटायची. पोटच्या पोरीच्या बरोबरीने या वयात वर्गात बसायचं. तू ओळख नको म्हणालीस तेव्हा सुटल्यासारखं झालं. लोक हसले तर मला हसतील, तुला नाही.

लेक: मग आलातच कशाला शिकायला?

बाप: खाज, दुसरं काय. लहानपणी घराच्या भिंतीवर कोळशाने लिहून भावंडांना शिकवायचो. वडिलांनी सगळी भिंत माझ्याकडूनच घासून घेतली. मग इथे चिकटलो. रोज फळे पुसायचे. पुसण्याआधी सगळं वाचायचो. कुठे गणित चुकलेलं दिसलं तर आधी दुरुस्त करायचो, मग पुसायचो.

लेक: पुसायचंच होतं ना?

बाप: म्हणून काय, चुकीचं तसंच पुसायचं?



लेक: तुम्ही मुलांना कागदाची घडी घालायला लावली होती.

बाप: हो. दोनदा. उघडली की चार पाव दिसतात. उघडायला मी सांगणारच होतो, तेवढ्यात साडेअकरा झाले.

लेक: अजून तशीच धरून बसलीत सगळी. बाई म्हणाल्या, उघडा, पुढचं मी सांगते. एकानेही उघडली नाही. म्हणाली, मामा सांगतील तेव्हा.

बाप: सगळी?

लेक: सगळी. तो पुढच्या बाकावरचा तर घडीवर बसलाय, चुकून उघडू नये म्हणून.

बाप: अगं, चुरगळेल ना ती... पण बाराला पुन्हा घंटा आहे. माळी रुसून झाडांना पाणी घालायला गेला. आत शिकवताना पुन्हा पाय निघाले तर?

लेक: बाराची मी देते.

बाप: तू? घंटा त्या वर्गाच्या खिडकीसमोरच आहे. तुझी सगळी मंडळी बघतील. विचारतील, तू कशी काय घंटेवर.

लेक: विचारू देत.

बाप: काय सांगशील?

लेक: आत माझ्या बाबांचा तास चाललाय, म्हणून आज मी.

बाप: बाराला पाच कमी असतानाच जाऊन उभी राहा. मी जातो वर्गात, घड्या उघडायच्यात.