कॉम्प्युटरच्या पोटात कुंकू

मी चौथी पास, म्हणून माझ्या घरात माझं बोलणं कुणाला खरं वाटत नाही. श्रीवर्धनला आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्या बुकिंगची सगळी नावं एका डब्याएवढ्या कॉम्प्युटरात. तो भरला, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अल्ताफ नवी मोठी डिस्क बसवायला आला.

मी म्हटलं, "आधी पूजा करा."

आमचे हे हसले. "मशीनला कसली पूजा गं?"

अल्ताफने झाकण काढून डिस्क बसवली, तसं मी त्याला पडवीत चहाला बोलावलं; कॉम्प्युटर आत उघडाच राहिला. चहा पिऊन त्याने आत न बघताच झाकण लावलं, तर कॉम्प्युटर सुरूच होईना! शनिवारी कोण येणार, काही कळेना. त्याने परत उघडलं.

"काकी, आत नारळाचं पाणी हाय. कुंकू पण."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "हिचंच काम!"

"हात दाखवा सगळ्यांनी!" मी ओरडले.

ह्यांचा अंगठा लालभडक. म्हणतात कसे, "म्हटलं, उगाच अपशकुन नको."

पंख्याखाली वाळवल्यावर नावं दिसली एकदाची. अल्ताफने वही काढली. "काकी, बिघाड कुणी केला म्हणून लिहू?"

तीस वर्षांत नवऱ्याचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी ठणकावून सांगितलं, "लिही, दामोदर!"